कॉपियर तंत्रज्ञ आणि कंपनीचे ऑनलाइन प्रमाणपत्र

कॉपियर म्हणजे झेरॉक्स यंत्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात नव्याने आलेली मुले एक प्रश्न मला हमखास विचारतात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करून आणि परीक्षा देऊन जे प्रमाणपत्र हाती येते, त्याचा कामात खरोखर उपयोग होतो का, की ते डीलरच्या कार्यालयातील भिंतीवर लावण्यापुरतेच असते? प्रश्न रास्त आहे, कारण ज्यांच्याकडून ही मुले काम शिकतात त्यांपैकी बहुतेकांनी असा कोणताही अभ्यासक्रम केलेला नसतो आणि तरीही त्यांची घरे याच कामावर व्यवस्थित चाललेली असतात. माझे उत्तर असे आहे, की उपयोग होतो आणि तो मोठा होतो. मात्र तो नेमका कुठे होतो हे समजून घेतले नाही, तर त्या प्रमाणपत्रावर खर्च केलेला वेळ वाया जातो.

आपल्याकडे हे काम परंपरेने कसे शिकले जाते ते आधी पाहू. दहावी, बारावी किंवा आयटीआय झालेला मुलगा एखाद्या जाणत्या मेकॅनिकबरोबर फिरू लागतो, त्याची बॅग उचलतो, ड्रम (ज्यावर आधी प्रतिमा तयार होते तो नळा) पुसतो, टोनर (छपाईची पूड) भरतो आणि वर्षभरात स्वतः कॉल घ्यायला लागतो. या पद्धतीत हात तयार होतो, कान तयार होतो. कुठला गिअर झिजल्यावर कसा आवाज येतो हे असा मुलगा दारातूनच ओळखतो. या शिक्षणाबद्दल मला आदरच आहे. परंतु या पद्धतीत ज्ञान बहुधा जोड्यांच्या रूपाने मिळते. यंत्राच्या पडद्यावर अमुक एरर कोड आला की अमुक पार्ट, छपाई फिकट आली की टोनर, डाग आला की ड्रम. जोपर्यंत मॉडेल ओळखीचे आहे तोपर्यंत या जोड्या चालतात. मॉडेल बदलले किंवा दोष नेहमीच्या वाटेने आला नाही, की मग एकेक पार्ट बदलून पाहणे सुरू होते, आणि त्याचा खर्च ग्राहकाच्या किंवा एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्याच्या माथी पडतो. कोड आणि पार्ट यांच्यामध्ये जी कारणांची साखळी असते, ती शिकवणे हे कंपनीच्या प्रशिक्षणाचे खरे काम आहे.

कोणत्याही निर्मात्याचा अभ्यासक्रम उघडा, पहिला भाग बहुधा छपाईच्या प्रक्रियेचा असतो. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथे आपले साहाय्यक ओटो कोर्नाय यांच्या मदतीने पहिली कोरडी प्रत काढली आणि १९५९ साली झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात आले. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ बदलली, पण मूळ क्रम तोच राहिला आहे. ड्रमवर विद्युतभार चढवायचा, प्रकाशाने, आताच्या यंत्रांत बहुधा लेझरने, त्यावर प्रतिमा लिहायची, टोनर चिकटवायचा (डेव्हलपिंग), तो कागदावर उतरवायचा (ट्रान्सफर), फ्यूजरमध्ये उष्णता आणि दाब देऊन पक्का करायचा आणि ड्रम पुसून पुढच्या फेरीसाठी तयार करायचा. अनेक तंत्रज्ञ हा भाग 'हे तर माहीत आहे' म्हणून पटापट पुढे सरकवतात. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे, कारण दोष शोधण्याची रीत याच क्रमातून निघते.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, छपाई अगदी फिकट येते आहे. टोनर भरलेला आहे, ड्रम फारसा जुना नाही. अशा वेळी छपाई चालू असताना, कागद अर्धा आत आणि प्रतिमा अर्धी उतरलेली अशा क्षणी पुढचे दार उघडायचे. यंत्र जागीच थांबते. मग ड्रम युनिट काळजीपूर्वक बाहेर काढून, त्यावर थेट प्रकाश पडणार नाही अशा बेताने, ड्रमचा जो भाग अजून कागदाला लागलेला नाही तो पाहायचा. तेथे अक्षरे ठळक आणि काळी दिसत असतील, तर भार चढणे, लेझर आणि डेव्हलपिंग हे तिन्ही टप्पे ठीक आहेत, आणि दोष ट्रान्सफरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. अक्षरे ड्रमवरच फिकट असतील, तर ट्रान्सफर रोलरला हात लावण्याचे कारणच उरत नाही. एका मिनिटाच्या या तपासणीने यंत्राचा अर्धा भाग संशयातून मुक्त होतो. ही पद्धत निर्मात्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कित्येक वर्षांपासून छापलेली आहे, तरीही आयुष्यभर या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना ती कोणी दाखवलेली नसते.

दुसरे उदाहरण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठिपक्याचे आहे. ठिपका दिसला की ड्रम बदलायचा, हा आपल्याकडचा रिवाज. पण यंत्रातील प्रत्येक रोलरचा व्यास वेगळा असतो आणि त्यामुळे त्याच्यावरील दोष कागदावर किती अंतराने उमटणार हे आधीच ठरलेले असते. ड्रमचा व्यास ३० मिलिमीटर असेल, तर त्याचा परीघ साधारण ९४ मिलिमीटर भरतो, म्हणजे ए-फोर कागदाच्या २९७ मिलिमीटर उंचीत तो ठिपका तीनदा दिसू शकतो. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमसाठी हेच अंतर सुमारे ७५ मिलिमीटर होते. साधी मोजपट्टी कागदावर ठेवली आणि अंतर ड्रमशी जुळले नाही, तर ठिपका चार्ज रोलरचा, डेव्हलपिंग रोलरचा किंवा फ्यूजरचा आहे, हे त्या मॉडेलच्या तक्त्यावरून लगेच कळते. तो तक्ता कुठे असतो, तर मॅन्युअलमध्ये आणि प्रशिक्षणाच्या त्याच भागात, जो पुढे सरकवला जातो. शाळेतले परिघाचे सूत्र आणि एक मोजपट्टी, एवढ्यावर काही हजारांचा ड्रम वाचतो. हे पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा तंत्रज्ञाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मी अनेकदा पाहिला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

काही गोष्टी मात्र अनुभवाने, तर्काने किंवा हुशारीने कळूच शकत नाहीत. त्या निर्मात्याने सांगाव्याच लागतात. ज्या यंत्रांमध्ये टोनर आणि कॅरिअर (टोनर वाहून नेणारे चुंबकीय कण) असा दोन घटकांचा डेव्हलपर असतो, त्यांमध्ये टोनरचे प्रमाण मोजणारा एक सेन्सर असतो. नवा डेव्हलपर भरल्यावर सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे तंत्रज्ञांसाठीच्या मेनूत जाऊन त्या सेन्सरचे सुरुवातीचे मोजमाप यंत्राला घ्यायला लावावे लागते, कारण 'ताज्या डेव्हलपरमध्ये टोनरचे प्रमाण इतके असते' ही खूण यंत्र तेव्हाच नोंदवून ठेवते आणि पुढचे सगळे टोनर भरणे त्या खुणेच्या आधाराने चालते. हे केलेच नाही, तर यंत्र जुन्या खुणेप्रमाणे टोनर ओतत राहते. परिणामी कागदावर काळसर बॅकग्राउंड येते, टोनर आत उडतो आणि महिन्याभरात पुन्हा कॉल येतो. याच्या उलट, जुना डेव्हलपर तसाच ठेवून 'बघू या, छपाई सुधारते का' म्हणून कोणी तेच सेटिंग चालवले, तर चुकीची खूण नोंदली जाते आणि दोष आणखी खोल जातो. सर्व्हिस मोडचा एखादा क्रमांक मित्राकडून व्हॉट्सअॅपवर सहज मिळतो. तो कधी चालवायचा आणि कधी अजिबात चालवायचा नाही, ही माहिती मात्र त्या संदेशात नसते. अर्धवट माहितीचे हे दुष्परिणाम ज्यांनी निस्तरले आहेत, त्यांना प्रशिक्षणाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

फ्यूजरच्या बाबतीत तर हा प्रश्न पैशांचाही राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. फ्यूजरचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्याच्या शेजारून सतत कागद जात असतो. म्हणून निर्माते तेथे तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि त्याच्याही पुढे, फार तापल्यास वीज तोडणारा थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज अशी दुहेरी राखण ठेवतात. तापमानात गडबड झाली, की अनेक यंत्रे असा कोड दाखवतात, जो बंद-चालू करूनही जात नाही. कॅननच्या यंत्रांवरील ई००० हा कोड त्यातलाच आहे. तो सर्व्हिस मोडमधूनच पुसावा लागतो. तंत्रज्ञाने प्रत्यक्ष येऊन कारण शोधावे, यासाठीच ही अडवणूक मुद्दाम केलेली असते. परंतु कोड पुसण्याची पद्धत तेवढी ठाऊक असेल आणि त्यामागचा हेतू ठाऊक नसेल, तर कोड पुसून, यंत्र चालू करून, सही घेऊन तंत्रज्ञ निघून जातो. थर्मिस्टरवर कागदाचा भुगा आणि टोनर यांचा थर बसला असेल, तर त्याला खरे तापमान कळत नाही आणि फ्यूजर तापवणारा दिवा गरजेपेक्षा जास्त वेळ तापत राहतो. त्याहून भयंकर म्हणजे थर्मोस्टॅट 'डायरेक्ट' करण्याचा प्रकार. तार जोडून शेवटची राखणच काढून टाकायची आणि यंत्र ग्राहकाच्या दुकानात चालू ठेवून यायचे, जेथे आजूबाजूला कागदाचे गठ्ठे असतात. कंपनीच्या अभ्यासक्रमात सुरक्षिततेचा धडा सक्तीचा असतो आणि त्याची उत्तरे बरोबर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे मला अत्यंत योग्य वाटते. लेझर युनिट उघडे असताना मनगटातील घड्याळ आणि बोटातील अंगठी काढून ठेवायची, कारण चकाकत्या धातूवरून किरण डोळ्यात परावर्तित होऊ शकतो, ही सूचना आपल्याकडे किती जण पाळतात? टोनरचे कण पाच ते आठ मायक्रॉन इतके बारीक असतात आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा साधा फिल्टर ते अडवू शकत नाही, हे तरी किती दुकानदारांना कोणी सांगितले असेल?

परदेशात तयार झालेल्या प्रशिक्षणाचा आपल्या हवामानाशी काय संबंध, अशी एक शंका कोकणातील मित्र काढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जून ते सप्टेंबर या काळात कॉपियरच्या तक्रारी अचानक वाढतात. कागद वळतो, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात, मधे मधे अक्षरे पुसट येतात. तंत्रज्ञ पिकअप रोलर बदलतो, ट्रान्सफर रोलर बदलतो, आणि गणपती उलटून पाऊस ओसरला की तक्रार आपोआप थांबते. वास्तविक याचे उत्तर बहुतेक मोठ्या निर्मात्यांच्या साहित्यात आहे. ओलसर कागदाचा विद्युतरोध घटतो, त्यामुळे ट्रान्सफरसाठी दिलेला भार कागदातून निसटून जातो आणि टोनर नीट उतरत नाही. दमट प्रदेशांसाठी म्हणूनच कागदाच्या ट्रेखाली बसवायचा छोटा हीटर मिळतो, काही यंत्रांत तो आधीच बसवलेला असतो आणि त्याचे बटण वेगळे असते. यंत्र बंद असतानाही, म्हणजे विशेषतः रात्री, त्याने ट्रे कोरडा ठेवावा अशी त्याची योजना असते. आपल्याकडे मात्र दुकान बंद करताना भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करण्याची सवय आहे, आणि ती सवय विजेच्या दृष्टीने चांगलीच आहे, पण त्यामुळे हीटरला रात्रभर वीज मिळत नाही. निर्मात्याने सांगितलेले कारण आणि स्थानिक सवय या दोन्ही गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, तोच तंत्रज्ञ दुकानदाराला योग्य सल्ला देऊ शकतो. निदान उघडे रिम पिशवीत गुंडाळून ठेवा आणि रात्री ट्रेमध्ये कागद ठेवू नका, एवढे तरी तो सांगेल.

आता या विषयातील ज्या भागाने माझे मत सर्वाधिक पक्के केले, त्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूपच पालटले आहे. यंत्रात काहीही बिघडलेले नसते, एकही पार्ट झिजलेला नसतो, आणि तरीही काल चालणारे स्कॅनिंग आज बंद पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. तो पसरला विंडोजमधील एसएमबी या, नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाच्या आधारे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर ही जुनी पद्धत आपोआप येणे मायक्रोसॉफ्टने बंद केले. फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणारे असंख्य जुने कॉपियर मात्र तीच पद्धत वापरत होते. नवा संगणक आणला की स्कॅन बंद, आणि दोष कॉपियरचा ठरला. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या प्रोग्राममधील, प्रिंटनाइटमेअर या नावाने गाजलेला दोष उघड झाला आणि त्यावरच्या दुरुस्त्यांमुळे अनेक कार्यालयांत सर्व्हरवरून ड्रायव्हर बसवणे अडले. पुढे ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव आणि पासवर्ड यांवर चालणारी जुनी सवलत काढून घेतली, तेव्हा जीमेलवरून स्कॅन पाठवणारी यंत्रे गप्प झाली. दुहेरी पडताळणी चालू करून यंत्रासाठी वेगळा अॅप पासवर्ड तयार करणे हा त्यावरचा उपाय होता.

या तिन्ही प्रसंगांत पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलेला उत्तम मेकॅनिकही हतबल झाला. काहींनी उपाय म्हणून ग्राहकाच्या संगणकावर एसएमबीची जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून दिली, म्हणजे ज्या दारातून चोर शिरला होता तेच दार स्कॅनसाठी उघडे ठेवले. योग्य मार्ग होता यंत्राचे फर्मवेअर म्हणजे आतले सॉफ्टवेअर अद्ययावत करून नवी आवृत्ती वापरण्याचा, आणि ते शक्य नसेल तर स्कॅन पाठवण्याची दुसरी पद्धत निवडण्याचा. कोणत्या मॉडेलला कोणते फर्मवेअर चालते, ते कोणत्या क्रमाने चढवायचे, मधेच वीज गेली तर काय होते, ही माहिती निर्माता आपल्या प्रमाणित तंत्रज्ञांना तांत्रिक सूचनापत्रांतून देतो. बाहेरच्या तंत्रज्ञाला ती मिळते तेव्हा उशीर झालेला असतो किंवा तिच्यात भेसळ झालेली असते. प्रमाणपत्राबरोबर येणारा हा प्रवेश, म्हणजे मॅन्युअल, सूचनापत्रे आणि फर्मवेअर यांच्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क, कित्येकदा खुद्द अभ्यासक्रमापेक्षाही अधिक उपयोगी ठरतो. नेटवर्कचा मूलभूत भाग कंपनीच्या अभ्यासक्रमात अपुरा वाटला, तर संगणक क्षेत्रातील प्रमाणपत्रे देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेचा ए-प्लस किंवा नेटवर्क-प्लस हा अभ्यासक्रम त्याला चांगली जोड देतो. ए-प्लसमध्ये लेझर प्रिंटरवरही प्रश्न असतात.

एवढे सांगितल्यावर ऑनलाइन प्रशिक्षणाच्या मर्यादाही स्पष्टपणे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो. पडद्यावर पाहून ड्रम पुसणारे क्लीनिंग ब्लेड बसवता येत नाही. नव्या ब्लेडच्या कडेला टोनरची हलकी पूड लावून मगच ड्रम हाताने फिरवायचा, नाहीतर ब्लेड उलटते आणि ड्रमवर ओरखडा उठतो, हे चित्रफितीत दिसते. पण ब्लेड उलटण्याआधी हाताला जो किंचित विरोध जाणवतो, तो चित्रफितीत दिसत नाही. रंगीत यंत्राचा ट्रान्सफर बेल्ट बाहेर काढताना तो नेमका किती झुकवायचा, तीस हजार प्रती रोज काढणाऱ्या दुकानातल्या यंत्राचा फ्यूजर गरम असताना कुठे धरायचा, हे शिकायला यंत्र समोर उघडे असावे लागते आणि शेजारी जाणता माणूस असावा लागतो. टाळेबंदीच्या काळात, २०२० नंतर, वर्गातील बरेचसे प्रशिक्षण ऑनलाइन झाले. त्याचा फायदा लहान गावांतील तंत्रज्ञांना झाला हे खरे आहे, कारण त्यांना मुंबईला किंवा दिल्लीला जाऊन राहण्याचा खर्च परवडत नव्हता. पण काही ठिकाणी स्वस्त पडते म्हणून हातांनी करून पाहण्याचे दिवस कायमचे रद्द झाले, आणि हे योग्य झाले नाही असे मला ठामपणे वाटते. मूळ सिद्धांत, सुरक्षितता, नेटवर्क आणि नव्या मॉडेलची ओळख ऑनलाइन व्हावी, आणि उघडणे, बसवणे, जुळवणे हे प्रत्यक्ष यंत्रावर व्हावे, अशी विभागणीच टिकाऊ आहे.

परीक्षेबद्दलही बोलणे भाग आहे. एका डीलरकडे एक हुशार मुलगा सर्वांच्या नावाने परीक्षा देत असे आणि सर्वांची प्रमाणपत्रे वेळेवर येत असत, हे मी जवळून पाहिले आहे. प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरतात हेही या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. अशा प्रमाणपत्रामुळे डीलरची अधिकृतता टिकते, पण ग्राहकाच्या यंत्रासमोर उभा राहिलेला मुलगा तितकाच अनभिज्ञ राहतो आणि त्याची फसवणूक झाली आहे हे त्यालाही कळत नाही. याचा दोष मी एकट्या मुलांना देत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो. पार्टांची नावे मुलांच्या तोंडी बसलेली असतात, त्यामुळे ती अडत नाहीत. अडते ते लांबलचक वाक्य आणि 'पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे' अशा वळणाचा प्रश्न. यंत्रातला दोष बरोबर ओळखणारा मुलगा त्या वाक्यात अडकून नापास होतो. आमच्याकडे आम्ही यावर असा मार्ग काढला आहे, की दोघातिघांनी एकत्र बसून एक भाग पाहायचा, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून त्याचा अर्थ मराठीत एकमेकांना सांगायचा आणि लगेच त्या भागाशी संबंधित युनिट टेबलावर काढून ताडून पाहायचे. वेळ दुप्पट लागतो, पण शिकलेले विसरले जात नाही. निर्मात्यांनी निदान मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांमध्ये उपशीर्षके आणि प्रश्न उपलब्ध करून दिले, तर त्यांच्याच यंत्रांची निगा अधिक चांगली राखली जाईल.

वेळेचा प्रश्न मालकांच्या हातात आहे. तंत्रज्ञाचे मोजमाप दिवसाला किती कॉल पूर्ण केले यावर होते, आणि प्रशिक्षण मात्र 'घरी गेल्यावर रात्री करून टाक' असे सांगितले जाते. दिवसभर मोटारसायकलवर शहर पालथे घालून आलेला माणूस रात्री दहा वाजता मोबाइलच्या छोट्या पडद्यावर फ्यूजरची सुटी केलेली आकृती पाहतो, तेव्हा त्यातला कुठला स्प्रिंग कुठे जातो हे त्याला दिसतही नाही. प्रशिक्षण हे कामच आहे, म्हणून ते कामाच्या वेळेत, मोठ्या पडद्यावर आणि पगारी व्हायला हवे. यात मालकाचे नुकसान नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षांचे अर्ज सुटतात तेव्हा सदाशिव पेठेतील अभ्यासिकांच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतात. अशा दिवशी यंत्र दोनदा बंद पडले, तर दुकानदार पुढच्या वर्षी एएमसी दुसऱ्याला देतो. त्याच दोषासाठी पुन्हा जावे लागणे हा सर्व्हिसच्या धंद्यातील सर्वांत मोठा छुपा खर्च आहे. पेट्रोल, वेळ, फुकट बदललेला पार्ट आणि गेलेला विश्वास हे सगळे त्यात येते. म्हणून एखाद्या मुलाने अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर त्याच्या कॉलच्या नोंदवहीत त्याच यंत्रासाठी त्याच तक्रारीचे दुसरे कॉल कमी झाले का, एवढेच मी पाहतो. कमी झाले असतील तर त्याचा पगार वाढला पाहिजे, आणि तो वाढवण्याची तयारी नसेल तर मालकाने प्रशिक्षणाची अपेक्षाही धरू नये.

शेवटचा मुद्दा जे कंपनी आणि अधिकृत डीलर यांच्या साखळीच्या बाहेर आहेत त्यांचा. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर किंवा तहसील कचेरीजवळ जी झेरॉक्सची दुकाने आहेत, त्यांतील अनेक यंत्रे सेकंड हँड, दुरुस्त करून विकलेली असतात. तेथे कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ सहसा जात नाही. जातो तो स्वतंत्र मेकॅनिक, आणि निर्मात्यांचे प्रशिक्षण बहुधा फक्त अधिकृत डीलरच्या माणसांसाठी खुले असते. सातबाराची प्रत, रेशन कार्डाची प्रत, मुलांच्या दाखल्यांच्या प्रती ज्या यंत्रांवर निघतात, त्यांची देखभाल करणाऱ्याला फ्यूजरच्या सुरक्षिततेचा धडा मिळू नये, यात कोणाचेच हित नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टलही सुरू झाले. परंतु त्यात आधी निवडलेली क्षेत्रे शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही होती. कार्यालयीन यंत्रांचा विचार त्यात पुढे व्हावा, असे मला मनापासून वाटते. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा संगणक आणि जोडयंत्रे यांच्या फील्ड टेक्निशियनसाठीचा अभ्यासक्रम आहे, त्याने पाया तयार होतो. पण विशिष्ट मॉडेलची माहिती निर्माताच देऊ शकतो. सगळे ज्ञान खुले करणे व्यवसायाच्या दृष्टीने निर्मात्यांना जमणार नसेल, तर निदान छपाईची मूळ प्रक्रिया, विद्युत आणि लेझर सुरक्षितता, फ्यूजर आणि नेटवर्क सुरक्षा हे चार भाग त्यांनी वाजवी शुल्क घेऊन कोणत्याही तंत्रज्ञाला करू द्यावेत, आणि परीक्षा देखरेखीखाली घ्यावी. आमच्याकडे येणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिक मित्रांसाठी या चार विषयांवरील आमची मराठी टिपणे आम्ही आता व्यवस्थित लिहून काढत आहोत. फ्यूजरचा भाग लिहून झाला आहे आणि त्यांना जोडून ट्रेच्या हीटरचा भागही पावसाळ्यापूर्वी पूर्ण करायचा आहे, कारण कोकणातले फोन तेव्हाच सुरू होतात.